कणगीतलं गवत

३ ऑगस्ट

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

धाकटीसाठी स्थळ आलंय आणि बाबा सुगी झाल्यावर त्यांचं घर बघायला जाणार, हे वाचून शिसारी आली. सुगीत कुणाचंही घर भरलेलंच दिसतं. माझं सासर सुगीतच पाहिलंत ना? काठोकाठ भरलेली कणगी बघून बाबा खूश झाले. वर वीतभर धान्य होतं, खाली गवत दाबलेलं. आता आम्हा बायकांना एक वेळ पातळ पेज, तीही पुरुष जेवून उठल्यावर. सासूबाई म्हणतात, पेज पचायला हलकी. माझ्या बांगड्या कोपरापर्यंत चढतात.

जायचं तर आत्ताच जा, आणि कणगीत खोलवर हात घाला.

राग आला तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी थोरली

२१ ऑगस्ट

चि. सौ. थोरलीस,
अ. उ. आ.

तुझ्या हट्टापायी न कळवता गेलो बाई. चिखलात बाबांची चप्पल तुटली, तिचंही खापर तुझ्यावरच. मुलाकडची कणगी उघडीच होती, आत नुसती केरसुणी. मुलगा सरळ म्हणाला की पीक हाती येईपर्यंत असंच असतं, तो रस्त्याच्या कामाला जातो आणि जे मिळेल ते सगळे एकत्र बसून खातात. आम्हालाही त्यातलंच वाढलं. बाबा अर्धं ताट टाकून उठले. पाहुण्यांपुढे झाकण लावायचीही लाज नाही, असं वाटभर बडबडत होते. या महिनाअखेर नकार कळवणार आहेत.

जिवाला जप, आमची आठवण ठेव.
तुझी आई

२६ ऑगस्ट

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या त्या लाजेची मला किळस आली. नकार थांबव. रिकामी कणगी दाखवणारा मुलगा बायकोला उपाशी ठेवून वर पेजेचे गुण तरी सांगणार नाही. धाकटीला तिथेच दे.

इथे दिरासाठी मुलीकडचे उद्या येतायत. सासूबाईंनी शेजारून धान्य उसनं आणलं आणि खाली गवत भरायला मला सांगितलं. मी भरलंही. मग ती मुलगी डोळ्यांपुढे आली, जिला मी कधी पाहिलेलं नाही. सगळं गवत उपसून गाईपुढे टाकलं आणि शेजारणीचं धान्य परत देऊन आले. सासूबाई मला माहेरी धाडायचं म्हणतात.

आई, आपल्या कणगीत काय उरलंय, ते खरं कळव.

तुझीच,
थोरली