सृष्टीचं अर्धं चित्र

नांदेड,
९ जानेवारी २०२४

ती. अण्णास,
सिंधूचा शि. सा. नमस्कार, आणि आमच्या घरच्या रीतीनं सलाम.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि रत्नम्मा वहिनी मध्ये ओरडून सांगते ते मला कळत नाही, म्हणून हे पत्र. माझं बरं चाललंय. नोकरी संपली तरी सकाळी दोन तास एका दवाखान्यात इंजेक्शनं द्यायला जाते. सृष्टीला जाऊन परवा तीन महिने झाले. हे सहा वर्षांपूर्वी गेले तेव्हा लेक तरी माझ्याजवळ होती. अजून दोघींचाच भात लावते आणि दुसऱ्या दिवशी शिळा खाते.

एक काम आहे. विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या आमच्या चर्चमध्ये ती वेदीमागच्या भिंतीवर चित्र काढत होती, हे तिनं तुला सांगितलं असेलच. शुभवर्तमानातली ती बाई, जी गुडघे टेकून येशूच्या पायांवर सुगंधी तेल ओतते आणि आपल्या केसांनी पाय पुसते. कोळशाची रेघ काढून झाली होती, रंग फक्त चित्रातल्या खालच्या फरशीला लागला होता. मग ताप आला. डेंग्यू असेल असं मनातही न आणता पहिले दोन दिवस मी घरीच गोळ्या देत बसले, तीस वर्षं नर्स असून. तो विषय पुन्हा काढत नाही.

मंडळीतल्या काहींना ते चित्र नको आहे. आपल्यात मूर्ती नाही, चित्र नाही, दुसरी आज्ञा वाचा, असं कमिटीचे सेक्रेटरी म्हणतात. पाळकसाहेब मध्यममार्गी. अर्धवट ठेवू नका, ईस्टरच्या आत पुरं करा नाहीतर भिंत पांढरी करा, असं ते म्हणाले. अण्णा, ब्रश धरायला तिला तू शिकवलंस. दर उन्हाळ्यात ती लातूरला तुझ्याकडेच असायची. येशील का?

उत्तराची वाट बघते. माया आटू देऊ नकोस.
तुझी,
सिंधू


लातूर,
१८ जानेवारी २०२४

चि. सिंधूस,
रुद्रेशचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून औषधाच्या चिठ्ठीसारखंच हाय. चष्मा लावून दोनदा वाचलं, मग रत्नम्माला दिलं. तिनं वाचून नुसती माझी पिशवी खुंटीवरून काढून समोर ठेवली.

आधी एक सांगतो. पोरीच्या मातीला मी आलो न्हाई, असं तू समजतीस. मी आलो होतो. नांदेडच्या स्टँडवर दोन तास बसलो. ख्रिस्ती घरात तुझं लग्न झालं तवा तिच्या उंबऱ्याला जायचं न्हाई असं आपल्या आप्पांनी बजावलं होतं. पण आप्पांना जाऊन दहा वर्षं झाली, त्यांचं नाव कशाला पुढं करू. तिला पेटीत बघायची हिंमत झाली न्हाई. लागली ती बस धरून परत आलो. त्या दिवसापासून तुला तोंड कसं दाखवावं हे कळंना झालंय.

चित्राचं म्हणशील तर भीती वाटती. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, किराणा, खत, बियाणं, साड्या. फ्लेक्स आले आन् तेही बंद झालं. तुमचा येशू मला कॅलेंडरवरचाच ठाऊक, गोरा, सोनेरी केसांचा. आमचा देव गळ्यात, तुमचा भिंतीवरही चालत न्हाई म्हणतीस; मग गळ्यात इष्टलिंग घातलेला म्हातारा शिडीवर चढलेला सेक्रेटरीला चालंल का? लिंग मी काढणार न्हाई, हे आधी विचारून ठेव. ते व्हय म्हणाले तर शिवरात्रीच्या आधी येतो.

जिवाला जप. एकटीपुरता का होईना, ताजा भात लाव.
तुझा,
अण्णा


लातूर,
२६ फेब्रुवारी २०२४

चि. सिंधूस,
अण्णाचे आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेल्या भाकरी रत्नम्मालाही पुरल्या. नऊ दिवस तुझ्या घरी राहिलो, खाल्लं, झोपलो, हे इतक्या वर्षांनी करायला लेकरू जावं लागलं.

तुमचे पाळकसाहेब भला माणूस. शिडी स्वतः धरून उभे राहायचे आन् माझ्या गळ्यातल्या इष्टलिंगाकडं बघूनही काही बोलले न्हाईत. सेक्रेटरी चौथ्या दिवशी चहा घेऊन आले, बराच वेळ बघत बसले, कप घेऊन गेले. तू खाली बसून त्या बाईची गोष्ट मोठ्यानं वाचायचीस. मला ऐकू आलं न्हाई, तुझे ओठ तेवढे दिसत होते.

पोरीनं येशूचा चेहरा काढलाच नव्हता. चेहरा शेवटी काढायचा, हे मीच तिला शिकवलं होतं. मी हदगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात दिसणारा माणूस काढला, उन्हानं रापलेला, दिवसभर चालून आलेला. चुकलं असंल तर पाळकसाहेबांनी माफ करावं. कोपऱ्यात नाव तिचंच लिहिलंय.

बाकी ठीक. मंडळी काय म्हणती ते कळव, मनात ठेवू नको.
तुझा,
अण्णा


नांदेड,
५ एप्रिल २०२४

ती. अण्णास,
सिंधूचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र लिहायला चार दिवस लागले. ईस्टर होऊन गेला. चित्र आता भिंतीवर नाही. कुणी तुझा अपमान केला असं समजू नकोस. ते मी झाकलं.

तू गेल्यावर पहिल्या रविवारी लोक उपासना संपूनही उठेनात. एका म्हातारीनं येशूचा चेहरा बघून, हा आपल्यातला दिसतो, असं म्हणत डोळे पुसले. मग बायका येताना मोगऱ्याची फुलं आणू लागल्या, कुणी पायाशी मेणबत्ती लावली. सेक्रेटरींनी कमिटी बोलावली. पाच जण ठेवा म्हणाले, पाच जण काढा म्हणाले. पाळकसाहेबांनी आपलं मत टाकलं नाही. सिंधूबाई आई आहेत, त्या म्हणतील तसं, एवढंच ते म्हणाले.

अण्णा, बायकांच्या फुलांचं मला काही वाटलं नव्हतं. मला माझंच भय वाटलं. मी रोज दुपारी किल्ली मागून घ्यायचे, आत जायचे आणि त्या बाईच्या हातावर कपाळ टेकवून बसायचे. प्रार्थनेला तोंड उघडलं की देवाचं नाव येत नव्हतं, सृष्टीचं यायचं. मी भिंतीला विचारायचे की जेवलीस का. महिनाभर देवाशी एक शब्द बोलले नाही आणि त्याची आठवणही झाली नाही. तो एवढाच मला उरलाय, त्यालाही मी बाहेर उभं केलं होतं.

म्हणून मीच म्हणाले, झाका. रंगाऱ्याच्या हातातला ब्रश घेऊन पहिला हात मी मारला. तिचं नाव शेवटी ठेवलं होतं, ते मात्र मला जमलं नाही. पाळकसाहेबांनी केलं.

आता दुपारी पांढऱ्या भिंतीसमोर बसते. प्रार्थना येते, पण फार कोरडी येते. बरोबर केलं का, मला कळत नाही.

तुला राग येईल, येऊ दे. पण पत्र बंद करू नकोस.
तुझी,
सिंधू


लातूर,
९ जून २०२४

चि. सिंधूस,
अण्णाचे आशीर्वाद.

दोन महिने कागद घेऊन बसायचो आन् ठेवून द्यायचो. तुझं पत्र आलं त्या दिवशी रत्नम्माला म्हणालो, आता नांदेडला पाय ठेवणार न्हाई. देवाच्या नावानं लेकराचं पुसून टाकलं, असं तुला लई वाईट बोललो. पण खरं बघता मला रागवायचा हक्क न्हाई. तुझ्याआधी मी पुसलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्या बाईचा हात रंगवायला घेतला. पोरीनं तो हात मोठा काढला होता. बोटांचे पेर सुजलेले, अंगठा बाहेर वाकलेला. मला वाटलं, घाईत माप चुकलं. शिकवणारा मी, तर दुरुस्त मीच करावं. ओल्या फडक्यानं तिची रेघ पुसली आन् निमुळता, नाजूक हात काढला, साड्यांच्या पाटीवर काढायचो तसा. सगळ्यांना आवडला. तूही म्हणालीस, हात किती सुरेख झालाय.

निघताना तू बसच्या खिडकीपाशी भाकरीचं गाठोडं वर केलंस, तवा तुझा हात बघितला. पेर सुजलेले, अंगठा वाकलेला, तीस वर्षं दुखणाईतांची अंगं पुसून तसा झालेला. गाडी सुटली होती. अहमदपूर येईस्तोवर मी खिडकीकडं तोंड करून बसलो. पोरीनं आईचा हात काढला होता, सिंधू. ती बाई तू होतीस. मी तिथं पाटीवरची बाई बसवली. हेच लिहायला बसलो होतो फेब्रुवारीत, आन् खुशाली लिहून मोकळा झालो.

तू ज्या हातावर कपाळ टेकवायचीस तो तिचा नव्हता, माझा होता. हे तुला न सांगता सकाळी लिंग हातावर घेऊन पूजेला बसतो, तर नजर ठरत न्हाई.

येत्या रविवारी पहिल्या गाडीनं येतो. उपासनेला तुझ्याशेजारी बसंन. ऐकू येणार न्हाई, तरी बसंन. मग तिच्या मातीवर ने मला. मागच्या वेळी तू दोनदा म्हणालीस आन् मी रंग वाळायचं निमित्त सांगितलं.

जमलं तर माफ कर. नसंल जमत तरी जेवायला वाढ.
तुझा,
अण्णा