इस्त्रीवाल्याचा उत्तरार्ध

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

सिनेमा अर्धाच बघितला आणि परीक्षण पूर्ण ठोकलं! इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने कुणाला सांगायची माझी छाती नाही.

झालं असं. बाराचा खेळ, पहिला दिवस. इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या म्हाताऱ्याचा सिनेमा. चाळीस वर्षं चौकीदार, हवालदार, ‘साहेब, गाडी तयार आहे’ असली कामं केलेला नट पहिल्यांदाच मुख्य भूमिकेत. पहिला भाग बरा होता. बरा कसला, चांगला होता! मी अंधारात वहीत खरडलंसुद्धा — ‘म्हातारा! दुसऱ्या भागात याच्यावर नजर ठेवणे.’ मध्यंतराचे दिवे लागले आणि फोन वाजला. एका बड्या हिरोची प्रसिद्धी बघणारी बाई. ‘आत्ता येत असाल तर दहा मिनिटं देतो, नाहीतर थेट पुढच्या महिन्यात.’ हिरो म्हणजे तोच, ज्याला पॉडकास्टवर आणायला आम्ही वर्षभर हात धुऊन मागे लागलोय. उठलेच! एकाच्या पायावर पाय दिला, एकीची कॉफी सांडली, चपलेचा पट्टा तुटला, वही खुर्चीतच राहिली. जिन्यात कुणी टोपीवाले आजोबा धापा टाकत मागे आले — ‘अहो बाई, वही! ...निघालात? मध्यंतरच झालंय.’ कानाला फोन. ‘येते, येते,’ म्हटलं, वही ओढून घेतली आणि तशीच फरफटत निघाले.

हिरोने दहातली सहा मिनिटं दिली. प्रत्येक उत्तराची सुरुवात ‘खरं सांगू का’ अशी. खरं एकही नाही.

चारला रेकॉर्डिंग. भावोजी — माझे धाकटे दीर. पॉडकास्टचा आवाज, काटछाट, फाजील विनोद, सगळं त्यांच्याकडे — कपाटाच्या खोलीत माइक लावून तयार. भिंतींवर रजया टांगलेल्या. सासूबाईंनी फ्रीज बंद केला, त्याची घरघर येते म्हणून. (मग चालू करायला विसरतात. दर शुक्रवारी दूध नासतं.) सिनेमाच्या बातम्या झाल्या, हिरोची सहा मिनिटं झाली, परीक्षण आलं. भावोजींनी विचारलं, ‘आणि दुसरा भाग, वहिनी?’

मी थांबायला हवं होतं. मी बोलत सुटले! ‘दुसऱ्या भागात हा माणूस नुसता उभा आहे. काही म्हणजे काही करत नाही. सगळ्यात जिवंत अभिनय कुणाचा म्हणाल, तर इस्त्रीचा — ती निदान गरम तरी होते!’ भावोजी हसता हसता खुर्चीवरून पडायचे राहिले.

उद्या उरलेला अर्धा बघून येईन. काही चुकलं असेल तर बदलू. एपिसोड सकाळी सातला जातो हे मला माहीत आहे, तरी असं लिहितेय.

शनिवार, १०

नाही गेले. पाहुणे होते. पाहुणे पाचला गेले, खेळ सहाचा होता, हेही लिहून ठेवते.

भावोजींनी इस्त्रीचं वाक्य तेवढं कापून वेगळं टाकलं. दुपारपर्यंत जिकडेतिकडे तेच! कॉलेजच्या मैत्रिणीचा आठ वर्षांनी मेसेज — ‘तुझी जीभ अजून तशीच आहे गं!’ मला आनंद झाला. तो खोटा कशाला म्हणू.

रविवार, ११

सासूबाई मैत्रिणीबरोबर तो सिनेमा बघून आल्या. डोळे लाल. चप्पल काढता काढताच म्हणाल्या, ‘अगं, त्या शर्टांबद्दल तू एक शब्द बोलली नाहीस?’

‘कुठले शर्ट, आई?’ — निघून गेलं तोंडातून!

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग मीच सावरून घेतलं, ‘हां, ते होय! वेळ नाही पुरला.’ त्या आत गेल्या. मी ओट्यापाशी उगाच चमचे धूत राहिले. धुतलेलेच होते.

सोमवार, १२

बघितला. पूर्ण.

दुकान बंद व्हायचं असतं. म्हाताऱ्याकडे लोकांनी टाकलेले आणि कधीच न नेलेले कपडे असतात, फळीवर, वर्षानुवर्षांचे. शेवटच्या दिवशी तो ते सगळे खाली काढतो, पुन्हा पाणी मारतो, पुन्हा इस्त्री करतो, घड्या घालतो. सात मिनिटं. संगीत नाही, शब्द नाही. कुणी येणार नाही हे त्याला ठाऊक आहे, तरी एकेका कॉलरशी थांबतो. शेवटचा शर्ट तो स्वतःच्या अंगात घालून बघतो. बाह्या लांब होतात. तो त्या दुमडतो, दिवा मालवतो, आणि बस्स!

‘काही म्हणजे काही करत नाही’ म्हणाले होते ना मी? करत नाहीच तो. तेवढं करायला त्याला चाळीस वर्षं लागली.

आम्ही हॉलमध्ये नऊ जण असू. पडद्यावर इस्त्री आली आणि पुढच्या रांगेतला एक पोरगा मोठ्यांदा ओरडला — ‘ती निदान गरम तरी होते!’ त्याची टोळी खिदळली. तिथून पुढे शर्ट उचलला की हशा, पाणी मारलं की हशा. माझं वाक्य, माझ्याच आवाजाची नक्कल करून! मला उठून म्हणता आलं असतं, गप्प बसा रे, मला काही माहीत नव्हतं. मी ओढणी डोक्यावर घेतली. ओळखेल कुणी म्हणून.

घरी चालत आले. वाटेत एक इस्त्रीचं दुकान लागतं, रोजच लागतं. आज रस्ता ओलांडून पलीकडून गेले.

मंगळवार, १३

भावोजींना सांगून टाकलं. आधी त्यांना मस्करी वाटली. मग तोंड उतरलं. ‘वहिनी, कुणाला कळलंय का? नाही ना? मग मिठाची गुळणी धरून बसा.’ नंतर म्हणाले, ‘आणि गुरुवारी कोण येतंय, आठवतंय ना?’

आठवत नव्हतं! मुलाखत पंधरा दिवसांपूर्वी ठरलेली. तेच. म्हातारे. नटच!

नाही येणार. माझ्यावर अशी वेळ आली असती तर मी या घराच्या दिशेला तोंड केलं नसतं.

बुधवार, १४

त्यांचा फोन — भावोजींना. ‘उद्या अकराला येतो. जिना किती मजल्यांचा आहे?’

गुरुवार, १५

आले. पडद्यावरची दाढी खोटी होती. समोर गुळगुळीत चेहऱ्याचे, जाड चष्म्याचे, इस्त्रीच्या सदऱ्यातले गृहस्थ. सासूबाई लगबगीने पाणी घेऊन आल्या, म्हणाल्या, ‘मी दोनदा रडले हो!’ ते उठून उभे राहिले. एवढा संकोचलेला माणूस मी फार दिवसांनी बघितला. मग म्हणाले, ‘तुमच्या सूनबाईंचा एकही भाग मी चुकवत नाही.’

रजयांच्या खोलीत तिघे गुडघ्याला गुडघे लावून बसलो. ते छान बोलले. चौकीदाराच्या कामात दार कुठल्या हाताने उघडायचं याचाही ते विचार करत. दिग्दर्शक म्हणत, ‘आजोबा, कुठल्याही हाताने उघडा, कॅमेरा तिकडे नाहीये!’ भावोजी हसले, मीही हसले. मग त्यांनीच विचारलं —

‘बाई, दुसरा भाग तुम्हाला नेमका कुठे खटकला?’

माइक चालू. म्हटलं, ‘लय जरा... संथ वाटली.’

त्यांनी खिशातून चिटोरं काढलं आणि लिहिलं. खरंच लिहिलं! ‘संथ.’ पेन तसंच हातात. ‘कुठल्या प्रसंगात?’

‘एकूणच.’

‘शर्टांच्या वेळी तुम्हाला काय वाटलं? मनापासून सांगा. मला राग येत नाही.’

सोमवारी मी ओढणीआड रडले होते. तेवढं जरी म्हटलं असतं! पण ‘रडले’ म्हटलं की ‘मग ते वाक्य कसं काय?’ आलंच. मी म्हटलं, ‘थोडं आटोपशीर हवं होतं.’ भावोजी बटणांकडे बघत होते. सासूबाई दाराआड ऐकत होत्या, त्यांची सावली दिसत होती.

त्यांनी ‘आटोपशीर’ लिहिलं. चिटोरं घडी करून खिशात. मग शांतपणे सांगितलं, तक्रारीचा सूरच नाही — पुढच्या सिनेमाचा निर्माता म्हणालाय, जरा थांबू या. लोक हल्ली इस्त्री दिसली की हसतात. ‘त्याचं तरी काय चुकलं?’ आणि आज संध्याकाळी हा सिनेमा सगळीकडून उतरतोय.

निघताना माझ्या टेबलावरच्या वहीकडे बघून म्हणाले, ‘यातच लिहिता का सगळं?’ हो म्हटलं. मान हलवली. मी त्यांना जिन्यापर्यंतसुद्धा सोडायला गेले नाही. भावोजी गेले.

मी किती नीच आहे हे मला कुणी सांगायला नको. माइक होता, माणूस समोर होता, सिनेमा संध्याकाळपर्यंत होता. तीनदा विचारलं त्यांनी, तीनदा!

शुक्रवार, १६

उद्याचा एपिसोड नाही. ‘आवाज बसलाय’ असं कळवलं. तेही खोटंच.

शनिवार, १७

सकाळी सासूबाईंना सांगितलं. चहा गाळत होत्या. मी सगळं ओकले — मध्यंतर, हिरो, पाहुणे पाचला गेले ते, ओढणी, ‘आटोपशीर’. वाटलं बोलतील, चार शब्द सुनावतील, तर बरं होईल. त्यांनी एवढंच म्हटलं, ‘तरीच.’

मग भावोजी आले आणि आमचं जुंपलं. ‘वहिनी, तीन वर्षं घातलीत आपण! उद्या कोण विश्वास ठेवेल? शेकडो परीक्षणं केलीत, सगळ्यांवर शंका घेतील.’ म्हटलं, घेऊ देत. ‘आणि सिनेमा उतरलाय, आता सांगून काय उपयोग? त्या म्हाताऱ्याला काय मिळणार?’   नवरोबांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, ‘कुठला सिनेमा?’ यांना तर नामावली चालू असतानाच झोप लागते.

सासूबाई उठल्या आणि त्यांनी फ्रीज बंद केला.

मी एकटीच आत गेले. चार मिनिटं बोलले. पहिल्यांदा केलं ते फार सुंदर झालं, आवाज योग्य जागी थरथरला, म्हणून पुसून टाकलं. दुसऱ्यांदा सरळ सांगितलं. सिनेमा मी मध्यंतरात सोडला. कारण हिरो. जे बघितलं नाही त्यावर विनोद केला. नंतर बघितला तेव्हा गप्प बसले. ते समोर बसून विचारत होते तेव्हाही मी खोटं बोलले. ती सात मिनिटं मी बघितलेल्या सगळ्या कामांत वरची आहेत आणि ती तुमच्यापर्यंत पोचू नयेत याची व्यवस्था मी केली.

भावोजींनी ऐकलं. नाक ओढलं. एक श्वाससुद्धा न कापता टाकलं.

रविवार, १८

शिव्या. ढीगभर! बऱ्याच योग्य आहेत. हिरोच्या प्रसिद्धीवाल्या बाईंनी कळवलं की यापुढे संपर्क नको. कॉलेजची मैत्रीण गप्प. कुणी विचारलंय — ‘म्हणजे बाकीचे सिनेमे तरी बघितले होते का?’ बघितले होते! पण आता हे कोणत्या तोंडाने सांगू?

म्हाताऱ्यांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावायचा धीर झाला नाही.

सोमवार, १९

काही नाही. दूध नासलं. फ्रीज शनिवारपासून बंदच होता.

मंगळवार, २०

त्यांचा आवाजी निरोप आला. चार वेळा ऐकला. जसाच्या तसा उतरवते.

‘बाई, परवा बाहेर होतो. ऐकलं तुमचं. मला हे शुक्रवारपासूनच माहीत होतं. पहिला खेळ लोकांत बसून बघायची माझी जुनी खोड आहे. तुमच्या मागच्याच रांगेत होतो. फोनवरचा आवाज ओळखला. वही द्यायला उचलली तेव्हा उघडी होती, नजर पडली, माफ करा. म्हाताऱ्यावर नजर ठेवणे, असं लिहिलं होतं. जिन्यात तुम्ही येते म्हणालात. म्हणून तुमच्या खुर्चीवर मी माझी टोपी ठेवली. दोघं जण बसायला आले, त्यांना बसू दिलं नाही. सिनेमा संपून दिवे लागेपर्यंत ठेवली होती.’