हळदीच्या बोटाचं फूल

आबा,

वहिनीचं तिळगुळाचं कार्ड काल आलं. लढाईमुळं बाजारात धड कागद मिळेनासा झालाय, म्हणून तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर चित्र काढलंय. एका बाजूला भारद्वाज आणि उलटून बघावं तर अर्धा फाटलेला महिना. भारद्वाजाचा डोळा असा लालभडक, की पाकिटातून बाहेर येताना त्यानं आधी माझ्याकडंच रोखून बघितलं. पंखांना काताच्या पाण्याचा तपकिरी रंग दिलाय आणि तो रेघेच्या बाहेर कुठंही गेलेला नाही. मी कार्ड दारात उजेडाला नेऊन सगळीकडून तपासलं. एक तरी चूक सापडली असती तर दिवस बरा गेला असता. खाली उजव्या कोपऱ्यात पाच पाकळ्यांचं पिवळं फूल, तेही गोल गोल. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझी मुलगी लग्नाला आली, आणि तरी संक्रांत जवळ आली की माझ्या पोटात दुखायला लागतं. ओवा खाऊन जाणारं हे दुखणं नव्हे.

तुम्हाला ठाऊक असलेलंच तुम्हाला काय सांगायचं, पण मुळापासून सांगितल्याशिवाय माझा राग मलाच नीट दिसत नाही. लोहगडाखालची वाडी सोडून तुम्ही लोणावळ्याला रेल्वेत रंगारी म्हणून लागलात. दिवसभर मालगाडीच्या वाघिणींवर पांढऱ्या सफेद्यानं आकडे आणि अक्षरं काढायची आणि संध्याकाळी घरी येऊन रॉकेलनं हात पुसायचे. तो वास तुमच्या हातांना कायमचा चिकटलेला होता आणि मला तो फार आवडायचा. पौष लागला की तुम्ही कापडाच्या दुकानातून ठाणाच्या आतले पुठ्ठे मागून आणायचा, ते सुरीनं कापायचा, आणि आपण दोघं स्वयंपाकघराच्या दाराशी घोंगडी टाकून बसायचो. आत आई निखाऱ्यावर परात ठेवून काटेरी हलवा करतेय. तिळावर थेंब थेंब पाक सोडायचा आणि काटा फुटेपर्यंत बोटांनी हलवत राहायचं, असं ते चिकाटीचं काम. आपले रंगही तिच्याच डब्यांतले. कुंकवाचा लाल, निळीचा निळा, काजळाचा काळा. "पोरीला रंगात बुडीवताय, तिला भाकरी थापाया कोन शिकवनार?" आई आतून म्हणायची. तुम्ही मान वर न करता म्हणायचा, "भाकरीबी गोलच, आन् चित्रातला चांदबी गोल. येक आलं की दुसरं आपसूक येतंय." माझ्या भाकरीला आजवर चार कोपरे येतात, ते सोडा.

रेघ तुमची आणि रंग माझा, असं आपलं ठरलेलं होतं. पण त्याच्याही आधी, मला बुरुस धरता येत नव्हता तेव्हा, तुम्ही माझं बोट हळदीच्या पाण्यात बुडवलंत आणि पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात पाच वेळा टेकवलंत. झालं फूल. पुढं बुरुस हातात आला तरी ते फूल बोटानंच द्यायचं, आणि मीच द्यायचं. आपल्या कार्डांवर नाव कुणाचं नसायचं. आत्याला काय, मामांना काय, त्या फुलावरूनच कळायचं की हे कार्ड लोणावळ्याहून आलंय आणि घरातल्या पोरीनं हात लावलाय. एका वर्षी गोंद संपला म्हणून तुम्ही मोगऱ्याच्या कळ्यांच्या जागी हलव्याचे दाणे काकवीनं चिकटवलेत. मी म्हटलं होतं, आबा, मुंग्या लागतील. तुम्ही म्हणालात, "रेल्वेत मी रंगारी का तू?" आठवड्यानं आत्याचा निरोप आला, "तिळगूळ पोचला, मुंग्याबी पोचल्या. फुडल्या साली मुंग्या जरा कमी धाडा." तुम्ही दोन दिवस तोंड फुगवून बसलात आणि आई पदरात तोंड घालून हसत राहिली.

मला बोलणी बसायची ती एकाच गोष्टीवरून. रंग भरताना माझं तोंड बंद नसायचं. शाळेतल्या गमती, शेजारणीची भांडणं, सगळं मला त्याच वेळी आठवायचं, आणि मग राघूचा हिरवा रंग चोचीवर जायचा. "तोंड चाललं की हात चळतोय, पोरी. किती येळा सांगू?" तुम्ही म्हणायचा आणि चोच पुन्हा लाल करायचा. तरी एकदा मी तुमची भाकरी घेऊन शेडमध्ये आले तेव्हा तुम्ही मला वाघिणीवरचं शेवटचं शून्य भरू दिलंत. मी श्वास रोखून, एक शब्द न बोलता ते भरलं. संध्याकाळी ती वाघीण घाटाखाली उतरून गेली. पुढं कितीतरी दिवस मालगाडी दिसली की मी आपलं शून्य शोधत रुळाच्या कडेला उभी राहायचे. ते मला सापडलं नाही, पण कुठंतरी फिरत असणार या कल्पनेनं छाती फुगायची.

मग दादाचं लग्न झालं, वहिनी घरात आली, आणि त्याच उन्हाळ्यात मला कामशेतला दिलंत. गिरणीवाल्यांचं घर, खाऊनपिऊन सुखी, काही म्हणायला जागा नाही. पहिली संक्रांत आली. मी काळी चंद्रकळा नेसून, अंगावर हलव्याचे दागिने घालून पाटावर बसलेय, आणि पोस्टमन माहेरचं पाकीट घेऊन दारात आलाय. माझ्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं, की कार्ड करणारी पोर सासरी गेली की ती कार्ड घेणारी होते. पाकीट फोडलं. राघू होता. रेघ डौलदार, हिरवा रंग जिथल्या तिथं, चोच पहिल्याच हाताला लाल. तो रंग माझा नव्हता. आणि कोपऱ्यात माझं फूल! बुरुस घेतला तर घेतला, माझं फूलसुद्धा तिनं उचललं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "काय सुरेख रंगवलंय हो तुमच्या वहिनींनी," आमचे हे म्हणाले. त्या रात्री त्यांच्या आमटीत मीठ जास्त पडलं आणि ते चुकून पडलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मोर आला, त्याच्या पुढच्या वर्षी कमळं. दरवेळी चित्र आधीपेक्षा देखणं, आणि दरवेळी ते फूल. मी माहेरी यायचे ती उन्हाळ्यात, चार दिवसांसाठी. तुम्ही घोंगडी पांघरून बसलेले असायचा, हात आत. कसे आहात विचारलं की, "मला काय धाड भरलीया?" म्हणून हसायचा. मला ते खरंच वाटायचं, कारण माझं सगळं लक्ष वहिनीकडं. ती पाणी कसं देते, तुम्ही तिच्याशी काय बोलता. सुनेनं सासऱ्यासमोर पदर खाली ओढून उभं राहायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही, ही आपली रीत. आणि ही बया न बोलता माझी जागा घेऊन बसली, असं माझ्या मनानं पक्कं घेतलं होतं. गप्प बसणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही.

शेवटी एका भोगीच्या आदल्या दिवशी मी कुणाला न कळवता सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला आले. मला डोळ्यांनी बघायचं होतं. दार उघडंच होतं. तुम्ही आपल्या जुन्या जागी बसला होता, दाराच्या अलीकडं. पलीकडं स्वयंपाकघरात वहिनी, नाकापर्यंत पदर ओढलेला. आणि मधे पाटावर कार्ड. तुमचे दोन्ही हात मांडीवर होते आणि ते मनगटापासून खाली लोंबत होते. मी तिथंच उभी राहिले. आई परातीवरून उठून आली. "तुला कळवायचं न्हाई म्हनाले. त्या सफेद्यात शिसं असतंय, त्यानं मनगटं मरत्यात म्हनं. हात वरच व्हईत न्हाई त्यांचा."

"कधीपासून?"

"तुजं लगीन झालं त्या सालच्या पावसाळ्यापास्नं."

"मग राघू कुणी काढला? मोर?"

आईनं वहिनीकडं बोट केलं. आबा, तुम्हाला असं बघून मला रडू यायला हवं होतं. ते आलंही, पण नंतर. आधी मनात आलं ते हे, की म्हणजे रेघसुद्धा तिचीच! मी आजवर निदान रेघ तुमची म्हणून त्या कार्डांवरून बोट फिरवत होते.

तुम्ही मला बघून इतके खूश झालात की माझा चेहरा तुमच्या ध्यानातच आला नाही. "बेस झालं आलीस. तुजंच कार्ड चाललंय. बस हितं." वहिनीनं हळदीची वाटी पुढं सरकवली. आईनं मानेनं हो म्हटलं, तशी तिनं पदर सावरला, दाराच्या आतूनच हात लांब केला आणि तुमचं मनगट खालून उचलून धरलं. सुनेनं सासऱ्याचा हात धरलेला मी कधी पाहिला नव्हता. तुमचं बोट हळदीत गेलं आणि कार्डाच्या कोपऱ्यात टेकलं. पुन्हा गेलं, पुन्हा टेकलं. पाचव्या पाकळीनंतर तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "बाकीचं समदं हिचं. येवडं फूल मातर माजं. तितं मी कुनाला हात लावू देत न्हाई."

इतकी वर्षं जे फूल चोरलेलं म्हणून मी नाक मुरडत होते, ते तुम्ही मला पाठवत होता. क्षणभर मला आभाळ ठेंगणं झालं. आणि लगेच माझी नजर तुमच्या मनगटाखालच्या त्या हाताकडं गेली. मी पोटची पोर, मला तुमचा हात धरायला कुणाची परवानगी लागत नव्हती, आणि दरवर्षी माझ्या फुलासाठी तो धरत होती ती. मी म्हटलं, "दुसरं कार्ड घ्या. मी धरते." वहिनी मुकाट्यानं बाजूला झाली. मी तुमचं मनगट घट्ट धरलं, हळदीत बुडवलं, आणि माझं तोंड सुरू झालं. मला का नाही सांगितलंत, डॉक्टरला दाखवलंत का, दादा काय करतो. पाचही पाकळ्या एकमेकींत मिसळल्या आणि कोपऱ्यात पिवळं थारोळं झालं. "अगं, किती आवळतीस!" तुम्ही ओरडलात. "तिच्यागत सैल धर की. आन् तोंड!" आई हसली, तुम्ही हसलात. वहिनी हसली नाही. ती हसली असती तर मला सोपं गेलं असतं.

माझं कार्ड रीतीप्रमाणं पोस्टानं आलं, वहिनीनं मनगट धरलेलं ते. फूल स्वच्छ. मी बिघडवलेल्या कार्डाचं काय झालं ते मी विचारलं नाही. चुलीत गेलं असणार असं मी धरून चालले.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. दहाव्याच्या दिवशी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, तर तुमचं ताट मांडायची जी जागा, तिच्या समोरच्या भिंतीवर ते कार्ड खळीनं चिकटवलेलं. धुरानं कडा काळवंडल्या होत्या, पण त्या बाजूला ऊन येत नाही, त्यामुळं हळद तशीच होती. मी बघत उभी राहिले. मागून वहिनी बोलली. माझ्याशी आपणहून बोलायची तिची ती पहिलीच वेळ असावी. "आबांनी लावाया लावलं. जेवताना त्येच्याकडंच बघायचे. म्हनायचे, बघा, पोर कशी बडबडतीया."

मी त्या पिवळ्या थारोळ्यावरून बोट फिरवलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "वन्सं, न्यायचं तर न्या. मी भिजवून सोडवून दीन." आणि मी, मी म्हटलं, राहू दे. भिंतीवरून काढताना फाटेल ही भीती होती. पण खरं सांगायचं तर तिनं दिलेलं मला घ्यायचं नव्हतं. तुमची शेवटची वर्षं तिच्या हातात गेली, आता माझं कार्डही तिनंच मला द्यायचं? आज ते तिथंच आहे. दरवर्षी भिंतीला चुना लागतो तेव्हा ती त्याच्या कडेनं सांभाळून कुंचला फिरवते. तुम्ही रोज माझ्याकडं बघत होता, हे मला समजलं. पण ते बघणंही रोज बघितलं तिनंच. आता त्या भिंतीसमोर ती जेवते, कार्डावरचं फूलही आपल्याच बोटानं देते, आणि मी इथं कामशेतला तिची कार्डं बिस्किटांच्या डब्यात साठवते. एकही टाकलेलं नाही, हे तिला कळता कामा नये.

हे पत्र कुठं टाकायचा प्रश्नच नाही. लिहून झाल्यावर वाटलं, याच्याही कोपऱ्यात फूल हवं. आत जाऊन वाटीत हळद कालवली आणि खाली पाच वेळा बोट टेकवलं. बघा, पाकळ्या कशा एकमेकींत गेल्यात. वहिनीच्या गोल येतात. पण आबा, बोट टेकवत होते तेव्हा मी तुमच्याशी बोलत होते.