ताटलीवर जमलेली आई

प्रिय वैशाली,

परवा मनवाचा हात भाजला. तुझ्या मनवाचा, आपल्या सात वर्षांच्या पोरीचा. तो माझ्या जिभेमुळे भाजला, आणि हे तुझ्याशिवाय कोणापुढे कबूल करू? तुला जाऊन तीन महिने झाले. लहान मुलांना समजावून सांगणं हे तुझं काम होतं, माझं नव्हतं. ते माझ्या गळ्यात टाकून तू निघून गेलीस. असं कोणी जातं का गं?

सांगतेय मी, तुझी सासू; लिहितोय तुझा नवरा, माझा नितीन. मला अक्षर येत नाही, तुला ठाऊकच आहे. नितीनची दुसरी पाळी आहे, दुपारी कंपनीची बस येईपर्यंत तो माझा कारकून. मी ‘हाय’ म्हटलं की हा ‘आहे’ लिहितो, ‘नाय’ म्हटलं की ‘नाही’. लिहू दे. बायको शिक्षिका होती ना त्याची! मध्येच थांबतो, नाक ओढतो. मी म्हटलं, “लिव रे बाबा, रडायला बसमध्ये येळ हाय.”

तुला आठवतो तो रविवार? बोईसरच्या आपल्या या दोन खोल्यांत तू चाळीतली आठ-दहा पोरं गोळा केली होतीस. माझ्या मासळीच्या पेटीतला बर्फ न विचारता घेतलास. पोरं नाक दाबून ओरडली, “बाई, बर्फाला पापलेटचा वास येतो!” तू म्हणालीस, “वास सोडा. सांगा, पाण्याच्या अवस्था किती?” मी दारातून म्हटलं, “एकच. वाईट! नळ दोन दिवसांनी येतो, यापेक्षा काय अवस्था व्हायची पाण्याची?” तू इतकी हसलीस की शिकवायचं राहूनच गेलं.

मग गॅसवर पातेलं ठेवलंस. वाफ आली, तिच्यावर ताटली धरलीस. ताटलीला खालून थेंब जमले. “पाणी गेलं कुठं?” तू विचारलंस. पोरं म्हणाली, संपलं. तू म्हणालीस, “संपलं नाही, रूप बदललं! ते परत येतं.” सगळ्यांकडून तीनदा म्हणून घेतलंस. आपल्या मनवाचा आवाज सगळ्यात मोठा.

मी तुला कधी चांगलं म्हटलं नाही. पण त्या दिवशी मलाही कळलं होतं, बरं का! एवढी वर्षं बर्फात हात घालून मासळी विकली, आणि हे मला जळगावकडच्या पोरीने दाखवलं. तेव्हा सांगायला काय झालं होतं मला? मान गेला असता का माझा?

आता ऐक, माझा गुन्हा.

तुला नेलं त्या दिवशी मनवा माझ्या लुगड्याला धरून उभी होती. “आजी, आई कुठं गेली?” चार दिवसांच्या तापात माणूस जातं, हे मलाच कळलं नव्हतं, तिला काय सांगू? देवाघरी म्हणावं, तर ती विचारणार, ते कुठंय, कोणती बस जाते? तूच तिला तसं शिकवलंस.

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. पण तो शब्द मी दहा वर्षं तुझ्यावर उधळला होता. पोळी करपली, “मेले, लक्ष कुठं हाय तुझं?” शाळेतून उशीर झाला, “आली मेली एकदाची!” तू हसायचीस. “आई, मी मेले तर पोळ्या कोण करेल?” म्हणायचीस. त्या दिवशी तो शब्द ओठांवर आला आणि मी तोंडावर पदर दाबला. वाटलं, माझ्याच जिभेने खाल्लं पोरीला.

म्हणून मी म्हटलं, “तुझी आई वाफ झाली गो. वर गेली.”

मनवाचं रडणं थांबलं. डोळे पुसले तिने आणि म्हणाली, “मग परत येईल.”

आणि मी मान हलवली! वैशाली, मी मान हलवली.

तेव्हापासून ती ताटली घेऊन फिरते. चहावर धरते, भातावर धरते, अंघोळीच्या बादलीवर धरते. जमलेले थेंब बोटाने एका स्टीलच्या डबीत ओढते. आधी मला वाटलं, खेळते आहे, रमते आहे. शेजारणींना कौतुकाने सांगितलंसुद्धा मी. मग एक दिवस बघते, तर डबी फ्रिजच्या बर्फाच्या खणात. म्हटलं, “हे काय गो?”

“आजी, वाफ धरता येत नाय. पाणी सांडतं. स्थायूला स्वतःचा आकार असतो, आई सांगायची ना?”

“मग?”

“मग आईला आईचा आकार येईल.”

मला त्या दिवशीच खरं सांगायला हवं होतं. नितीनलाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून गप्प राहिलो. (खोडू नको रे, लिही. दोघं.)

परवा नितीन अंघोळीला गेला होता, मी दारात सुकट निवडत बसले होते. तिने स्टूल लावलं, आपलं मोठं पातेलं ठेवलं. लहान पातेल्यात आई थोडीच जमते, म्हणून मोठं! मनगटावर वाफ आली. मी धावले, तर ताटली खाली, पोर खाली, आणि हात धरून रडायचं सोडून ती फरशी पुसत होती दोन्ही हातांनी. “आजी, आई सांडली! आई सांडली!”

डॉक्टरने मलम लावलं, पट्टी बांधली. म्हणाला, “घाबरू नको, कातडी परत येते.” मनवाने वर बघून विचारलं, “ती पण?” डॉक्टरला काय कळणार! मला कळलं.

तू मला एकदा बोलली होतीस, आठवतं? ढग गडगडले, मी मनवाला म्हटलं, वर म्हातारी हरभरे भरडते. तू म्हणालीस, “आई, मुलांना खोटं नका ना सांगू.” मला राग आला होता. म्हटलं, “आमी अशाच वाढलो, काय बिघडलं आमचं?” काय बिघडतं ते आता पट्टी बांधून घरात फिरतंय.

आज सकाळी मी तिला समोर बसवलं. हातात एक सुका बोंबील घेतला. मला दुसरं येतं काय?

“ह्याच्यातलं पाणी कुठं गेलं?”

“उन्हाने वाफ झाली.”

मी तो वाटीभर पाण्यात टाकला. बसलो दोघी बघत. बराच वेळ लागला. तो मऊ झाला, फुगला.

“पाणी परत आलं?”

“आलं!” डोळे चमकले गं तिचे.

“आता पोहेल?”

तिने बोटाने ढकलून बघितलं. पुन्हा ढकललं. “नाय.”

“का?”

“मेलाय तो.”

“तुझी आई पण मेली, बाय. पाणी परत येतं. पाणीच येतं फक्त.”

सून माझी, तुला बोंबलाच्या पंगतीला बसवलं, माफ कर! जन्मात अंड्याला शिवली नव्हतीस तू. पण माझ्या शाळेत एवढंच होतं.

ती रडली नाही. रडली असती तर मी पोटाशी धरलं असतं. म्हणाली, “मग तू खोटं बोललीस?” मी म्हटलं, हो. “बाबा पण?” नितीनने हो म्हटलं. ती उठली, फ्रिजमधली डबी काढली, ओट्यावर ठेवली आणि दाराकडे पाठ करून बसली. ओट्यावर बर्फ वितळतोय. मला हात लावायची हिंमत नाही. सांग ना, बरं केलं की आणखी भाजलं तिला? तू काय सांगितलं असतंस? एवढं तुझं शिक्षण, आणि परत न येणाऱ्या गोष्टीचा एक धडा घ्यायला तुला वेळ मिळाला नाही!

आत्ता ती उठून आली आहे. नितीनच्या खांद्यावरून वाचते आहे, अक्षर अक्षर लावून. विचारते, “आजी, मेलेल्या माणसाला पत्र पोचतं?”

पोचतं, असं तोंडावर आलं होतं माझ्या. जीभ चावली.

“नाय पोचत, बाय.”

“मग कशाला लिहिताय?”

“आमच्यानं गप्प बसवत नाय म्हणून.”

ती भाजलेला हात जपत बापाच्या मांडीत शिरली आणि आता रडते आहे. मोठ्याने, भोकाड पसरून. नितीनही. अक्षरं ओली झाली असतील, पण लिही रे, थोडंच उरलंय.

वैशाली, तुला शब्द देते. ही पोर जे विचारेल त्याला खरं सांगेन. येत नसेल तर येत नाही म्हणेन. गोड खोटं तिच्या ताटात पुन्हा वाढणार नाही, कितीही रडली तरी, मी कितीही रडले तरी.

तुला कधी चांगलं न म्हणालेली,
तुझी सासू