सान रोक्कूला वीस मिनिटं

२९ जुलै, सोमवार. सकाळी ६.१०
नवी वही. नवी सुरुवात.

काल व्हॅलेटाच्या कंपनीतून डोरीनबाईंचा फोन आला. आठ माणसं, एक व्हॅन, एक दिवस, अख्खं गोझो बेट. चाचणीच्या सहा टूर. पाहुण्यांनी बरं लिहिलं तर टूर कायमची माझी. नाही लिहिलं तर माझ्या बायकोच्या, मार्टीझच्या मामाने लुका गावच्या विमानतळावर, पार्किंगच्या केबिनमध्ये, माझी सोय बघून ठेवली आहे. म्हणजे समोरच्या माल्टा बेटावर. फेरीबोटीने पंचवीस मिनिटं लागतात, पण आमच्या घराण्यात चार पिढ्यांत तिकडे राहायला कोणी गेलेलं नाही. मेलबर्नला गेले, ते वेगळं.

अर्थात ही वेळ येणार नाही. तीस वर्षं मोठ्या बसवर गाइड होतो. बस बंद पडली त्यात दोष बसचा होता.

संकल्प: हळू बोलणे. घड्याळ पाळणे. गावातल्या भांडणाचा विषय न काढणे.

तिसऱ्याची खरं तर गरज नाही. मी मुळातच निःपक्षपाती माणूस. गावात चर्चं दोन, बँड दोन, क्लब दोन. वरचं सान रोक्कू संताचं, ते आमचं. खालचं सांता बार्बराचं. तेही चर्चच आहे, मी कधी नाही म्हटलेलं नाही. मार्टीझ खालची. तिच्याशी सव्वीस वर्षं संसार केला, आता माणसाने आणखी किती निःपक्षपाती असायचं? हे तिला ऐकवलं. ती कपडे वाळत घालत होती, घालत राहिली.

संध्याकाळी ५.००
टाइमटेबल तयार. मिठागरं २५ मिनिटं, जुनी दगडी मंदिरं ४०, किल्ला ४५, जेवण ५०. कंपनीच्या कागदावर लिहिलंय: गावातली दोन्ही चर्चं, आतून, प्रत्येकी वीस मिनिटं. सान रोक्कूत वीस मिनिटं टोपी काढण्यातच जातात. म्हणून किंचित फेरफार केला. सान रोक्कू ३७, सांता बार्बरा ३, चालत्या गाडीतून. बेरीज तीच.

३० जुलै, मंगळवार
पहिली टूर. एकूण उत्तम.

सान रोक्कूत दोन तास दहा मिनिटं लागली. पाहुण्यांचा उत्साहच तेवढा होता. दोघे बाकावर झोपले, ते उन्हामुळे. दगडी मंदिरं अकरा मिनिटांत उरकावी लागली. पिरॅमिडच्या आधीची आहेत, पुढच्या आठवड्यातही असतील.

एक डॅनिश बाई होत्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी विचारलं, तो खालचा मोठा घुमट कसला. मी म्हटलं, पाण्याची टाकी. तेवढ्यात टाकीची घंटा वाजली. बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

३१ जुलै, बुधवार
डोरीनबाईंचा फोन. पाहुण्यांनी लिहिलंय की गाइड फार प्रेमळ, पण बेट बघायचं राहिलं. पहिला अर्धा भाग लक्षात ठेवायचा.

मार्टीझ म्हणाली, पाण्याची टाकी म्हणालास हे खरं का? तिला कोणी सांगितलं कळत नाही. तिचा धाकटा भाऊ लिप्पू नळांची कामं करतो. टाकीचं काम बघायला त्याला बोलवा, असं खालच्या क्लबात चाललंय म्हणे. हसतात हसू देत.

१ ऑगस्ट, गुरुवार
खालच्यांचा सण सुरू. रविवारी त्यांची मिरवणूक. चौकापासून धक्क्याच्या रस्त्यापर्यंत त्यांच्या पताका लागल्या. आमचा माणूस त्या पताकांखालून जात नाही. माझे वडील एकदा डॉक्टरकडे जायचं सोडून घरी परतले होते आणि आपोआप बरे झाले.

त्यामुळे दुसऱ्या टूरला रस्ता बंद आहे असं सांगून शेतातून गाडी घातली. दोन्ही बाजूंना दगडी बांध. वाट अरुंद होती हे मला माहीत होतं, किती अरुंद ते आज कळलं. डावा आरसा गेला. फोनमधला नकाशा रस्ता मोकळा दाखवतोय, असं एक जर्मन गृहस्थ सारखे सांगत होते. मी म्हटलं, नकाशा माल्टात बसून काढतात.

मार्टीझ आईकडे राहायला गेली. सणाच्या आठवड्यात दरवर्षी जाते. या वर्षी जाताना जास्त कपडे घेतले असं वाटलं.

३ ऑगस्ट, शनिवार
तिसरी टूर. उजवा आरसा.

४ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी
त्यांची मूर्ती आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाते. मी खिडक्या लावून आत बसलो. शिस्तच आहे तशी. फक्त एका फटीतून पाहिलं, किती दिवे लागलेले नाहीत ते मोजायला. सगळे लागले होते. मार्टीझ निळ्या झग्यात बायकांच्या रांगेत चालली होती, गात होती. घरात ती गात नाही. मी गायला सांगितलंय असंही आठवत नाही.

फटीतून रंगीत कागदांचा कचरा येतो, त्याने डोळ्यांत पाणी आलं.

५ ऑगस्ट, सोमवार
डोरीनबाई. आवाज वेगळा होता. पाहुण्यांनी एकमताने लिहिलं म्हणे की एक चर्च दोनदा बघितलं आणि दुसरं मुद्दाम लपवलं. आता तीनच टूर उरल्या. दोन्ही चर्चं, आतून, वीस-वीस मिनिटं, नाहीतर त्या दुसरा माणूस बघतील.

दुपारभर लुकाचं पार्किंग डोळ्यांसमोर. तिथून समुद्र दिसत नाही.

संकल्प: सांता बार्बरात आत जाणे. यापूर्वी एकदाच गेलोय, स्वतःच्या लग्नाला, कारण लग्न मुलीच्या चर्चमध्ये लागतं. तेव्हा मी पूर्ण वेळ बुटांकडे बघत होतो. फोटो बघून लोक म्हणतात, नवरा किती लाजलाय.

६ ऑगस्ट, मंगळवार
चौथी टूर. दारापर्यंत गेलो. आत पाहुण्यांनाच पाठवलं. बाहेर थांबून गाडीवर लक्ष ठेवणं हेही गाइडचं काम आहे.

७ ऑगस्ट, बुधवार
पाचवी. आज उंबऱ्यावर उभा राहिलो, एक पाय आत. ही प्रगती आहे.

वेल्सचे एक म्हातारे आजोबा डोळे पुसत बाहेर आले. विचारलं, ही मूर्ती कोणी घडवली? मी तीस वर्षं गाइड आहे. मला येईना. सान रोक्कूच्या मूर्तीची मिशी दुसऱ्यांदा कोणी रंगवली तेही मी सांगू शकतो. घाम फुटला. म्हटलं, बाहेरून आणली.

पायरीवर लिप्पू उभा होता, हातात पान्हा. त्याने कारागिराचं नाव सांगितलं, साल सांगितलं, लाकूड कुठलं तेही सांगितलं. मग वरच्या सान रोक्कूबद्दलही सांगितलं, आणि सगळं बरोबर सांगितलं, हे जास्त लागलं. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. नळवाल्याला.

८ ऑगस्ट, गुरुवार
आरशासमोर सराव. घरातल्या, गाडीला आता नाहीत. 'सांता बार्बराची मूर्ती सुंदर आहे.' पहिल्या चार वेळा 'सुंदर'ला ठसका लागला. अकराव्या वेळी जमलं. मार्टीझ परत आली होती, दारात उभी राहून ऐकत होती. तिने कॉफी करून दिली. साखर मी सांगायच्या आधीच घातली होती.

उद्या शेवटची टूर. उद्या जमणारच.

९ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी
आमच्या सणाचा आज पहिला दिवस. चांगला शकुन.

९ ऑगस्ट. संध्याकाळी ८.००
सगळं नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी काही म्हटलं तर माझ्याकडे असेल.

मिठागरं २५ मिनिटं. दगडी मंदिरं ४०. सांता बार्बरात आत गेलो, दोन्ही पायांनी, वीस मिनिटं बोललो. 'सुंदर' म्हणालो. एका आयरिश बाईंनी तर सांगितलं, तुमचं या चर्चवर किती प्रेम आहे ते कळतं. मी घड्याळ बघितलं. सान रोक्कूत विसाव्या मिनिटाला बाहेर. घड्याळात चार पन्नास. फेरीला भरपूर वेळ. मी जिंकलो होतो. हे खरं आहे, मी दहा मिनिटं जिंकलेला होतो.

पाचला चौकात आमचा बँड पहिला मार्च वाजवतो. मी बॉम्बार्डिनो वाजवतो, ते मोठं पितळी, मांडीवर घ्यायचं वाद्य. आमच्याकडे ते वाजवणारे दोनच, आणि दुसऱ्याची दाढ सुजलेली. बँडमास्तरांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी पाहुण्यांना म्हटलं, एकच मार्च, चार मिनिटं.

मार्च एकाला एक जोडलेले असतात, मध्ये थांबता येत नाही. सव्वासातला थांबलो. पाहुण्यांपैकी सहाजण नाचले. खरंच नाचले, त्यांच्या अंगावर कोणीतरी कागद उधळले, आयरिश बाई तर जल्लोषात बुटात पाणी ओतून प्यायल्या. उरलेले दोघे व्हॅनजवळ बॅगांवर बसून होते. त्यांचं कार्डिफचं विमान होतं. गेलं.

सहा विरुद्ध दोन. हिशेब माझ्या बाजूने आहे.

१२ ऑगस्ट, सोमवार
डोरीनबाईंचं पत्र. टूर लिप्पूला.

मार्टीझ म्हणाली, त्याला विचारलं तेव्हा त्याने दोनदा नाही सांगितलं होतं. मी म्हटलं, तिसऱ्यांदा काय झालं? ती म्हणाली, "तिसऱ्यांदा मी त्याला हो म्हण म्हणाले. घरातलं काम घरात राहील म्हणून."

जेवलो नाही. म्हणजे नंतर जेवलो.

१३ ऑगस्ट, मंगळवार
लिप्पू आला होता. टोपलीभर अंजीर घेऊन. बसला, घाम पुसला. मग म्हणाला, "दाजी, माझं ऐका. खालचं मी बोलतो, वरचं तुम्ही बोला. सान रोक्कूच्या दारात उभं राहायचं, रोज वीस मिनिटं. डोरीनबाईंना मी विचारलंय, त्या तयार आहेत. कशाला तिकडे पार्किंगमध्ये जाता?"

मी विचारलं, सांता बार्बराला किती?

"वीसच."

मी म्हटलं, मग नाही.

मार्टीझ भांडी घासत होती. वळली. "विस्तीन, तो तुला इथे ठेवतोय. कळतंय का तुला? इथे, घरात." तिचे हात ओलेच होते.

मी शांतपणे सांगितलं की सान रोक्कूला कोणी मोजून मिनिटं घालत नाही, निदान त्यांच्याइतकी तर नाहीच. पंचवीस म्हणाला असता तर विचार केला असता. लिप्पू उठला. अंजीर ठेवून गेला. चांगले होते.

मामाला फोन करून कळवलं: सोमवारी हजर होतो.

१४ ऑगस्ट, बुधवार
शांत डोक्याने विचार केला. हे उत्तमच झालं. मी गेलो की सान रोक्कूबद्दल बोलायला कोण उरतं? पाहुणे विचारतील, लिप्पू अडेल, डोरीनबाईंचा फोन येईल. आठवडा लागेल. जास्तीत जास्त दहा दिवस. मार्टीझला मी म्हटलं, तू इथेच राहा, मी येतोच आहे. सव्वीस वर्षांत एवढ्या पटकन ती कधी हो म्हणाली नव्हती.

१८ ऑगस्ट, रविवार
आमचा सण. बॉम्बार्डिनो वाजवलं. मूर्तीला खांदा दिला. क्लबात सगळ्यांनी पाठ थोपटली, म्हणाले बरोबर केलंस, वीस मिनिटं म्हणजे काय. सगळे म्हणाले. जाऊ नको असं कोणी म्हणालं नाही. मी प्रत्येकाशेजारी थोडा जास्त वेळ थांबून बघितलं.

१९ ऑगस्ट, सोमवार
फेरी. डेकवर गेलो नाही, आत गाडीत बसून राहिलो. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. रडलो. पंचवीस मिनिटं पुरली नाहीत, उतरल्यावरही थोडा वेळ.

२२ ऑगस्ट, गुरुवार
केबिन बरी आहे. पंखा आहे. गाडी आली की बटण दाबायचं, दांडा वर जातो. काल एका गाडीवाल्याने विचारलं, गोझोत एका दिवसात काय बघावं. मी सांगायला लागलो. मागे सतरा गाड्या झाल्या. वरिष्ठ येऊन समज देऊन गेले.

२७ ऑगस्ट, मंगळवार
आठ दिवस झाले. फोन नाही. मामाच्या फोनवरून माझ्या फोनला फोन करून बघितला. चालू आहे.

३० ऑगस्ट, शुक्रवार
अकरा दिवस. लिप्पू हट्टी आहे. तो नक्की घामाघूम होत असेल आणि कोणाला सांगत नसेल. पंचवीसवर अडून बसणार नाही असं ठरवलं. बावीसला तयार आहे.

१ सप्टेंबर, रविवार
एकवीस.

३ सप्टेंबर, मंगळवार
वीस. वीसलाच तयार आहे. मीच लिप्पूला फोन केला. आडून आडून विचारलं, वरच्या चर्चचं काय करता. तो म्हणाला, "दाजी, ताईने तुम्हाला सांगितलं नाही का? ताई उभी राहते."

मार्टीझ. सांता बार्बराच्या गल्लीत जन्मलेली मार्टीझ, सान रोक्कूच्या दारात. सव्वीस वर्षं जेवताना माझ्याकडून ऐकत होती, सगळं पाठ आहे म्हणे. मिशी दुसऱ्यांदा कोणी रंगवली तेसुद्धा. पाहुणे तिच्याबद्दल फार छान लिहितात. डोरीनबाईंनी तिला पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचं पत्र दिलंय. लिप्पू म्हणाला, तिचं अठरा मिनिटांत होतं.

मी म्हटलं, छान. आणि फोन ठेवला. नंतर कितीतरी वेळ बटण दाबायचं सुचलं नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी
मार्टीझचा फोन. जेवतोस का नीट, मामीला त्रास देऊ नको वगैरे. मग म्हणाली, डाव्या वेदीवरच्या संगमरवराबद्दल कोणीतरी विचारलं, त्यावरचं दुसरं नाव कोणाचं, ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तुलाच माहीत असेल, म्हणाली.

मलाच माहीत आहे. जीव भरून आला. मग सांगायला लागलो. आधी तो संगमरवर कोणत्या बोटीतून आला ते, मग ती बोट का उशिरा पोहोचली ते, मग खालच्यांनी तेव्हा काय अफवा उठवली ते. मन लावून सांगितलं. नाव येतच होतं.

अकराव्या मिनिटाला म्हटलं, ऐकतेस ना? फोन बंद झालेला होता. कधी झाला कळलं नाही. समोर एक गाडी हॉर्न वाजवत होती. बटण दाबलं.