राहीची बाटली

१० जानेवारी १९४३, आष्टा
पलटणीच्या डेपोचं पत्र आलं. रंगरूट शिकवायला जुने जमादार परत घेणार आहेत. अट एकच, मेडिकल. मी एकदम फिट. रात्री चारदा उठतो ते थंडीमुळं. परसात लघवीला मुंग्या लागतात त्या गुऱ्हाळामुळं.

१२ जानेवारी
आधी सांगलीच्या नारायणराव डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं ठरवलं. पलटणीत रंगरूट दुसऱ्याच्या लघवीची बाटली पुढं करायचे. पाच जणांना मीच पकडलं होतं. मी तसला नव्हे. पण खबरदारी म्हणून बायकोची, राहीची नेणार. वीस वर्षांत आजारानं एक दिवस अंथरुणाला पाठ लागली नाही तिची. संध्याकाळी पाय सुजतात, ते कामानं.

१४ जानेवारी
डॉक्टरांनी लघवी नळीत उकळली. अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. म्हणाले, मूत्रपिंड म्हणजे रक्ताची चाळण, ती फाटलीय. माझं ब्लडप्रेशर मात्र उत्तम. चक्रावले. लहानपणी घसा दुखून अंग सुजलं होतं का, विचारलं. नाही म्हणालो. डॉक्टर नवशिके आहेत. बाटली आधी तेलाची होती, दुसरं काही नाही.

१५ जानेवारी
राहीला सहज विचारलं. म्हणाली, व्हय, आठ वर्साची हुते तवा समदं आंग सुजलं हुतं. आवं, कवाची गोष्ट ती!
तरी बाटली तेलाचीच.

२१ जानेवारी
बाटली राखेनं घासली. पुन्हा राहीचीच नेली. पुन्हा गोठली. काचेचा तरंगता काटा टाकून डॉक्टर म्हणाले, पाण्याइतकी हलकी आहे, घाण आतच राहतेय. मीठ बंद, पुढच्या वेळी रक्त तपासू.
खरं सांगितलं तर डेपोला कळेल. म्हणून साऱ्या घराचंच मीठ बंद केलं. तिला औषध, माझी नोकरी शाबूत. डोकं लागतं.

३ फेब्रुवारी
राहीला ओकाऱ्या होतात. आळणी भाकरीनं कुणालाही होतील. मेडिकल आठ तारखेला आहे. नऊला डॉक्टरांना सगळं सांगणार. नक्की.

८ फेब्रुवारी
डेपोच्या डॉक्टरनं बाटली समोर उभं राहून भरून घेतली. साखर निघाली. अनफिट. वर म्हणाला, सांभाळा, साखरेनंही काही वर्षांत मूत्रपिंडं जातात.

९ फेब्रुवारी
राहीला सांगलीला नेलं. ब्लडप्रेशर दोनशे वीस. रक्तात युरिया, म्हणजे लघवीवाटे जायची ती घाण, भरमसाट. मला बाहेर बोलावलं, तेव्हा बाटलीचं सांगून टाकलं. डॉक्टर रागावले नाहीत. रागावायला हवे होते. महिन्यापूर्वी आणली असती तर, विचारलं. म्हणाले, वाचवणं तेव्हाही हातात नव्हतं, पण ओकाऱ्यांचा त्रास कमी करता आला असता. आता हवं ते खाऊ द्या. मीठसुद्धा.
फार वाईट वागलो मी.

२ मार्च
राहीनं खर्डा मागितला. मीच पाट्यावर वाटला, मीठ सढळ घातलं. एकच घास गेला. म्हणाली, लय दिसांनी चव लागली.
उद्यापासून माझा गूळ बंद. उद्या नाही, सोमवारपासून.
नंतर तिनं विचारलं, माजी बाटली नेली हुती, तिच्यात काय निगालं? म्हणालो, एकदम फिट.
ती हसली. म्हणाली, मग डेपोत मलाच धाडा की.