खोडलेली शेळी

मिसबाह बेटा,

सातच्या बसने दोंडाईचाला निघालो. तुझ्या मेहरुन मावशीला तिथल्या दवाखान्यात न्यायचं आहे, संध्याकाळी परततो. तू झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही.

शाळेच्या अंकासाठी लिहिलेली तुझी गोष्ट मी काल लाल पेनाने रंगवली. "नाना, तुम्ही गोष्ट वाचली की पेपर तपासला?" असं म्हणून तू वही कपाटावर फेकलीस आणि आता देणारच नाही म्हणालीस. चूक माझी आहे. तुझी नायिका राक्षसाशी लढायला निघताना आधी शेळीला पाणी पाजते, तो परिच्छेद मी 'विषयांतर' म्हणून खोडला.

आज पहाटे फजरच्या नमाजानंतर आपल्या ड्रॅगनवाल्या मालिकेचा तो लढाईचा भाग पुन्हा पाहिला. किल्ला जळाला, ड्रॅगन उडाले, पण माझा जीव गलबलला तो त्याआधीच. म्हातारा आचारी पीठ मळायला बसतो आणि उद्या किती जण जेवायला परततील हे त्याला कळत नाही. तिथे एकही तलवार नाही. तरी पुढे प्रत्येक सैनिकाची काळजी वाटली, ती त्या आचाऱ्यामुळेच. तुझी शेळी तेच काम करते. चाळीस वर्षं शिकवूनही मला ते दिसलं नाही.

वही काढून टेबलावर ठेवली आहे. तुझ्या नायिकेचा मंत्र मात्र प्रत्येक संकटात चालतो. एकदा तरी तो फसू दे.

आज शेवटचा दिवस आहे. शेळीसकट गोष्ट उतरवून काढ आणि मॅडमना दे. आधी मला दाखवायला थांबू नकोस.

नाना